'बायोडिग्रेडेबल' आहे, पण कुठल्या पाण्यात?

मुलुंडमधल्या मोऱ्यांचं सांडपाणी भांडुपच्या प्रक्रिया केंद्रातून ठाणे खाडीत जातं. फ्लेमिंगो उतरतात तीच ही खाडी, २०२२ पासून रामसर स्थळ. त्यामुळे कपडे धुण्याच्या लिक्विडवर 'बायोडिग्रेडेबल' वाचलंत, तरी एक प्रश्न उरतोच: त्याची चाचणी कुठल्या पाण्यात झाली?

गोड्या पाण्यातल्या चाचणीत सहसा सांडपाणी केंद्राच्या गाळातले जिवाणू घालतात. म्हणजे खाणारी तोंडं भरपूर! समुद्रासाठी 'ओईसीडी ३०६' ही वेगळी चाचणी आहे, १९९२ ची. यात बाहेरचे जिवाणू घालत नाहीत. समुद्राच्या पाण्यात असतील तेवढेच.

बंद बाटलीच्या पद्धतीत अशा पाण्यात थोडी पोषकद्रव्यं आणि रसायन घालून बाटली अंधारात, १५ ते २० अंशांवर ठेवतात. रसायन खाताना जिवाणू ऑक्सिजन वापरतात. म्हणून २८ दिवसांत ऑक्सिजन किती घटला ते मोजायचं. रसायनाच्या पूर्ण विघटनाला जेवढा ऑक्सिजन लागेल, त्याच्या ६० टक्क्यांहून जास्त वापरला गेला, तर ते समुद्रात विघटित होऊ शकतं असं मानतात. शेजारी सोडियम बेंझोएटची बाटलीही असते. ते सहज विघटित होतं. तेच झालं नाही, तर चाचणी बाद.

नापास रसायन समुद्रात कायमचं राहतं, असं मात्र नाही. समुद्रात जिवाणू विरळ असतात, वेळ जास्त लागू शकतो.

आणि खाडी म्हणजे प्रयोगशाळेतली बाटली नव्हे. इथलं पाणी जास्त उबदार, गढूळ, वर सांडपाण्याचे जिवाणू. पण कंपनीने चाचणीचा क्रमांक दिला असेल, तर तो गोड्या पाण्याचा ३०१ आहे की ३०६, एवढं नक्की बघा.