विश्वाचा राजा आणि त्याचे अधिकारी : ‘ख्रिस्तपुराणा’मागील एका युक्तिवादाची पूर्वपीठिका

फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील साष्टी प्रांतात, राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ मध्ये सालढाणा यांनी मंगळूरहून ते रोमन लिपीतच पुन्हा प्रसिद्ध केले. आणि १९५६ मध्ये सदाशिव पेठेतील प्रसाद प्रकाशनाने शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली देवनागरी आवृत्ती काढल्यावर हा ग्रंथ सर्वसामान्य मराठी वाचकाच्या आटोक्यात आला. त्याची भाषा, ओवी आणि पुराणरचना यांकडे अभ्यासकांचे लक्ष विशेष गेले. त्यातील ईश्वरकल्पनेमागे मात्र एक जुना वाद उभा आहे. तो ध्यानात घेतल्यास स्टीफन्सच्या शब्दयोजनेचे मर्म अधिक स्पष्ट होते.

हा वाद इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील आहे. अँटिऑकचा थिओफिलस १८० च्या सुमारास असे मांडतो की, समुद्रावर जहाज नीट मार्गाने चाललेले दिसले की सुकाणूवर कोणी तरी आहे, हे न पाहताही कळते. तसेच राजा सर्वांना दिसत नाही, पण त्याचे कायदे, अधिकारी आणि प्रतिमा यांवरून तो ओळखता येतो. विश्वातील सुव्यवस्था ही तिच्या एकमेव शास्त्याची खूण होय, हा या दृष्टान्तांचा आशय.

परंतु राजाचा दृष्टान्त स्वीकारला की त्याचे अधिकारीही स्वीकारावे लागतात. नेमक्या याच जागी सेल्सस या ग्रीक पंडिताने १७८ च्या सुमारास आघात केला. पर्शियन वा रोमन सम्राटाच्या सुभेदारांचा अवमान करणारा सुरक्षित राहत नाही. मग परमेश्वराने नेमलेल्या लहान देवतांना मान दिल्याने परमेश्वराचा अवमान कसा होतो? उलट, सेवकांचा सन्मान हा स्वामीचाच सन्मान नव्हे काय? हा आक्षेप पोकळ नाही. ज्या समाजात ग्रामदेवता, कुलदेवता आणि परब्रह्म एकाच श्रद्धेत नांदतात, तेथे तो सहजच पटण्याजोगा आहे.

या आक्षेपाचे उत्तर दोन प्रकारे दिले गेले. टर्टुलियनने १९७ च्या सुमारास राजाचाच दृष्टान्त उलटविला : अधिकारी असले तरी ‘सीझर’ ही पदवी सीझरखेरीज दुसऱ्याला देणे हा देहदंडास पात्र अपराध आहे, तेव्हा ‘देव’ हे नावही दुसऱ्यास देता येणार नाही. ऑरिजेनने २४८ च्या सुमारास सेल्ससच्या ग्रंथाचे सविस्तर खंडन केले. जो सेवक मान न मिळाल्याने सूड उगवितो तो सत्पुरुष राजाचा सेवकच नव्हे, आणि जे खरे सेवक आहेत ते स्वतःची पूजा इच्छीत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते.

या ठिकाणी ‘ज्ञानेश्वरी’च्या नवव्या अध्यायाची तुलना उद्बोधक ठरते. अन्य देवतांचे भक्तही माझेच पूजन करतात, पण ते विधिपूर्वक नसते, या गीतावचनावर भाष्य करताना ज्ञानदेव वृक्षाचा दृष्टान्त योजतात. फांद्या आणि पालवी एकाच बीजाची असली तरी पाणी मुळाशीच घालावे लागते. निष्कर्ष टर्टुलियनच्या निष्कर्षाजवळ जातो. भक्ती एकाच ठिकाणी व्हावी. परंतु दृष्टान्त बदलताच दोषाचे स्वरूप बदलते. पालवीवर पाणी घालणारा अजाण असेल, द्रोही नव्हे. राजाच्या दृष्टान्तात मात्र अन्यपूजा हा राजद्रोह ठरतो.

स्टीफन्सकडे आलेला वारसा राजाच्या दृष्टान्ताचा आहे. ३२५ च्या नायसीया येथील श्रद्धासूत्रात ईश्वरपित्याला ‘पँटोक्रॅटोर’, म्हणजे सर्वांवर सत्ता चालविणारा, असे म्हटले आहे. लॅटिन परंपरेतून आलेली हीच कल्पना स्टीफन्स ‘देव बापा’ला लाविलेल्या ‘सर्वसमर्थ’ या विशेषणाने आरंभीच मांडतो. मूळ शब्दात शासन प्रधान आहे, मराठी शब्दात सामर्थ्य. शब्दातून ओसरलेली ही शासनकल्पना कथेतून परत येते : ल्युसिफरचे पतन हे स्वामीविरुद्ध सेवकाने केलेले बंड आहे. हे सारे घडते ते ‘वैकुंठा’त, कारण स्वर्गासाठी स्टीफन्सने श्रोत्यांच्या परिचयाचा तोच शब्द निवडला. परके शासन आणि ओळखीचे निवासस्थान यांचा हा संयोग ‘ख्रिस्तपुराणा’च्या शैलीचे एक मुख्य लक्षण होय.

दृष्टान्ताचा अर्थ तो उच्चारणाऱ्याच्या स्थानावरही अवलंबून असतो. टर्टुलियन आणि ऑरिजेन यांच्या काळी ख्रिस्ती समाज सत्ताहीन होता. सम्राटाहून श्रेष्ठ राजा आहे, हे विधान त्याच्यासाठी धोक्याचे होते. ३३५–३६ मध्ये कॉन्स्टंटाइनच्या राज्यारोहणाच्या त्रिदशकपूर्तीनिमित्त युसेबियसने केलेल्या स्तुतिपर भाषणात तोच विचार ‘एक ईश्वर, एक सम्राट’ असा सत्तेचा आधार बनला. साष्टीत तर १५६७ मध्येच पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या स्टीफन्सच्या श्रोत्यांना एकमेव राजाची कथा ऐकताना पृथ्वीवरील राजाची आठवण होणे अपरिहार्य होते.

तात्पर्य, ‘ख्रिस्तपुराणा’तील ईश्वर केवळ मराठी वेश ल्यालेला परका देव नाही, आणि केवळ नव्या नावाचा विठ्ठलही नाही. त्याच्या वर्णनात भक्तिपरंपरेची शब्दकळा आणि राजसत्तेचा तर्क एकत्र आले आहेत. यांपैकी एकाच अंगाचा विचार करणारे वाचन अपुरे राहील.