गोधडी विकण्याआधी

आम्ही मुंबईतल्या नायगावच्या बचत गटांतल्या बाया. आज आपण गोधडीविषयी बोलू. कुणी तिला वाकळ म्हणतं. तुमच्या भागात आणखी वेगळं नाव असेल तर ते लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

नायगावात गोधडी गावाकडूनच आली. इथल्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकातल्या. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची माणसं गिरणीत कामाला आली आणि १६० चौरस फुटांच्या खोल्यांत राहिली. घरातला माणूस दिवसभर गिरणीत कापड विणायचा, पण रात्री अंगावर घ्यायला आजीच्या लुगड्याची गोधडी असायची. आता या चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. सामान बांधताना सगळ्यात आधी टाकून दिली जाते ती गोधडीच. नव्या घरात शोभत नाही म्हणतात. तुमच्याकडे टॉवर नसतील, पण दारावर ब्लँकेटवाला येतोच ना?

गोधडी गेली की नुसतं पांघरूण जात नाही. ती शिवायची रीत कुठे लिहिलेली नसते, ती त्या गोधडीतच असते. जुनी सुती लुगडी, धोतरं धुऊन वाळवायची. काठ उसवून बाजूला ठेवायचे, ते कडेला लावायला होतात. खाली एक अंग अंथरायचं, त्यावर जुन्या कापडाचे थर, वर दुसरं अंग. सुरकुती राहू द्यायची नाही. आधी लांब कच्चे टाके घालायचे, मग कडेपासून आत आत धावदोरा घालत मध्यावर यायचं. दोघी-तिघी चार बाजूंनी बसल्या तर काम लवकर उरकतं आणि नवी मुलगी बघता बघता शिकते. नायलॉनच्या साड्या शक्यतो घेऊ नका. त्या सरकतात आणि घाम टिपत नाहीत. बाळाच्या दुपट्याला तर वापरून मऊ झालेलं सुतीच हवं.

आपल्यासारखंच एक उदाहरण फार लांबचं आहे. पॅसिफिक महासागरात सामोआ नावाचा बेटांचा देश आहे. तिथल्या बाया केवड्याच्या जातीतल्या झाडाच्या पानांपासून चटई विणतात. पानांच्या पट्ट्या इतक्या बारीक करतात की चटई कापडासारखी मऊ होते. एका चटईला कित्येक महिने लागतात, कधी वर्षंही. ती बसायला अंथरत नाहीत. लग्नात, मयतीला, घराण्याचा मान एखाद्याला देताना ती भेट देतात. २०१९ साली युनेस्कोने या कलेची नोंद जगाच्या सांस्कृतिक वारशात केली. पण ती टिकली ती त्या नोंदीमुळे नव्हे. बाया एकत्र बसून विणतात आणि तिच्याशिवाय कार्य पुरं होत नाही, म्हणून टिकली. देश सोडून गेलेली सामोअन कुटुंबंही ती रीत पाळतात.

आपल्याकडेही बाळंतिणीला दुपटं देतात, सासरी निघालेल्या लेकीला गोधडी देतात. ही देवाणघेवाण थांबली, तर गोधडी फक्त प्रदर्शनाच्या स्टॉलवर उरेल. आम्ही विक्रीच्या विरोधात नाही. गटाला पैसा हवाच. पण विकण्याआधी तीन गोष्टी करा.

पहिली, प्रत्येक घरात एक जुनी गोधडी नमुना म्हणून ठेवा. ती कुणी शिवली, कुठल्या गावची, तिला काय म्हणतात, हे गटाच्या वहीत लिहा.

दुसरी, गटातल्या प्रत्येक जाणत्या बाईजवळ एक तरी मुलगी शिकायला बसवा. मुलगा बसला तरी उत्तम.

तिसरी, हिशोब तासांचा धरा. समजा, एका गोधडीला ६० तास लागले आणि तासाला ५० रुपये धरले, तर मजुरीच ३,००० रुपये झाली. दोरा आणि नवं अस्तर मिळून ४०० रुपये धरा. म्हणजे ३,४०० रुपये हा नुसता खर्च झाला, नफा अजून धरलेलाच नाही. व्यापारी ८०० देऊ लागला, तर वहीतला हा हिशोब त्याच्यापुढे ठेवा. "जुन्या चिंध्या तर आहेत," असं तो म्हणेल. चिंध्या जुन्या असतील, पण मजुरी आजची आहे, असं त्याला सांगा. आणि विकलेल्या गोधडीच्या कोपऱ्यात गावाचं नाव दोऱ्याने काढा.

येत्या बैठकीला प्रत्येकीने घरातली सगळ्यात जुनी गोधडी घेऊन या. उलटी करून टाके बघा. टाका कुणाचा, हे सांगू शकणारी बाई आज गटात असेल, तर आजच तिला विचारून घ्या.