फोक-रॉक घडलं ते स्टुडिओत

२५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला, श्रोत्यांनी हुर्यो उडवली आणि फोक-रॉक जन्माला आलं, ही कथा इतकी रुजली आहे की तिच्या तारखाही कुणी पडताळत नाही. त्याच्या महिनाभर आधीच डिलनचं ‘मिस्टर टॅम्बरिन मॅन’ हे गाणं ‘द बर्ड्‌स’च्या आवाजात, इलेक्ट्रिक गिटारच्या साथीनं, अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं होतं. शिवाय न्यूपोर्टच्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत. डिलनच्या साथीला असलेला अल कूपर म्हणतो, कार्यक्रम फार लवकर आटोपला म्हणून लोक चिडले. लोकगायक पीट सीगर सांगत राहिला की त्याचा राग शब्द ऐकू न येण्यावर होता, इलेक्ट्रिक वाद्यांवर नव्हता. स्टुडिओतल्या आठवणी मला अधिक भरवशाच्या वाटतात. त्यांतून दिसतं की हे संगीत बंडखोरीपेक्षा ध्वनिमुद्रणाच्या कारागिरीतून घडलं.

जानेवारी १९६५ मध्ये हॉलिवूडला कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत बर्ड्‌सचं पहिलं गाणं मुद्रित झालं, तेव्हा निर्माता टेरी मेल्चरला पोरांच्या वाजवण्याची खात्री नव्हती. गटातल्या एकट्या रॉजर मॅग्विनला त्यानं गिटार वाजवू दिली. ड्रम्सवर हॅल ब्लेन, बासवर लॅरी नेक्टल असे मुरलेले भाडोत्री वादक बसवले. मॅग्विन सांगतो की त्यांच्यासोबत दोन गाणी तीन तासांत उरकली; पुढे गटानं स्वतः वाजवलेल्या ‘टर्न! टर्न! टर्न!’ला ७७ टेक लागले. मॅग्विनच्या बारा तारांच्या रिकनबॅकर गिटारचा तो झणझणीत, लांबत जाणारा नाद तर या शैलीची ओळखच ठरला. त्याचं श्रेय तो ध्वनिमुद्रकानं वापरलेल्या कॉम्प्रेसरला देतो, कारण त्यामुळे चटकन विरणारा सूर टिकून राहिला.

टॉम विल्सनचं काम याहून बोलकं आहे. टेक्सासमधून येऊन हार्वर्डला शिकलेला हा कृष्णवर्णीय निर्माता मूळचा जॅझमधला. डिलनच्या एका जुन्या मुद्रणावर इलेक्ट्रिक साथ चढवून पाहण्याचा प्रयोग त्यानं डिसेंबर १९६४ मध्येच केला होता. पुढच्या उन्हाळ्यात त्यानं सायमन-गार्फंकल या गायकजोडीच्या, आदल्या वर्षीच्या न खपलेल्या अल्बममधलं ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ घेतलं आणि दोघांना न विचारता त्यावर गिटार, बास आणि ड्रम्स चढवले. मूळ गाणं दोघं आपल्या श्वासाच्या अंदाजानं गायले होते, त्यामुळे लय कुठे सैल, कुठे घट्ट. वादकांना ती सांभाळत वाजवताना घाम फुटला. लोकगीताची मोकळी लय आणि रॉकचा बांधलेला ठेका यांचा मेळ घालणं हीच या संगीताची खरी अडचण होती आणि ती इथे तयार आवाजाच्या टेपवर सोडवावी लागली. जानेवारी १९६६ मध्ये गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं आणि दरम्यान फुटलेली ही जोडी पुन्हा एकत्र आली.

निर्माते आणि तंत्रज्ञ आपलाच मोठेपणा सांगणार, असा आक्षेप येईल. पण मॅग्विनची साक्ष त्याच्या स्वतःच्या गटाचं श्रेय कमी करणारी आहे. खोटं बोलून त्याला काय मिळणार होतं? डिलन आणि सायमन यांच्या गाण्यांविना सगळी यंत्रं मुकीच राहिली असती, हे मात्र निर्विवाद. अधिक वजनदार आक्षेप इंग्लंडमधून येतो. १९६९ मध्ये मोटारव्हॅनच्या अपघातात तरुण ड्रमर गमावल्यावर फेअरपोर्ट कन्व्हेन्शन हा गट हॅम्पशरमधल्या एका घरात एकत्र राहिला, जुनी बॅलड्स बसवली आणि त्यातून ‘लीज अँड लीफ’ हा अल्बम उभा राहिला. तिथे निर्णय गटाचा होता, निर्माता जो बॉइडचा नव्हे, हे मान्यच करायला हवं. तरी त्या अल्बममध्ये ज्याचं व्हायोलिन ठायी ठायी ऐकू येतं, तो डेव्ह स्वॉर्ब्रिक गटात आला तो अपघाताआधीच्या एका मुद्रणातून. स्टुडिओत पाहुणा म्हणून बोलावलेल्या या लोकसंगीतातल्या वादकासोबत ‘अ सेलर्स लाइफ’ हे अकरा मिनिटांचं पारंपरिक गाणं एकाच टेकमध्ये मुद्रित झालं होतं.