दामदुप्पट किती वर्षांत होते?



सोयाबीनची पट्टी हातात आली, बोकड विकले, किंवा गटाने वर्षाअखेरीला नफा वाटला, की गावात बॅगवाले दिसायला लागतात. कधी तो माणूस परका नसतोच, कुणाच्या तरी जावेचा भाऊ असतो. लाडक्या बहिणीचे दीड हजार खात्यावर येऊ लागल्यापासून तर आम्हां सहयोगिनींना प्रत्येक गावात एकच प्रश्न ऐकू येतो : "ताई, तिथं दोन वर्षांत डबल देतात म्हणे. ठेवू का?"

आज त्याचेच उत्तर शोधू या. त्यासाठी शेअर, फंड, बाँड हे शब्द ठाऊक नसले तरी चालेल. गटाच्या वहीत जेवढे गणित असते, तेवढे पुरते.

गटात आपण अंतर्गत कर्ज देतो ते एक नाहीतर दोन रुपये शेकड्याने. दोन रुपयेच धरू. दहा हजारांवर महिन्याला दोनशे रुपये व्याज. हे दोनशे साठत साठत दहा हजार व्हायला किती महिने लागतील? पन्नास महिने. म्हणजे चार वर्षे आणि वर दोन महिने. आता बॅगवाला सांगतो तसे दोन वर्षांत दुप्पट करायचे, तर महिन्याला चार रुपयांहून जास्त शेकडा सुटायला हवा. तोही फक्त तुम्हाला द्यायला. त्याचे ऑफिस, त्याची गाडी, जावेच्या भावाचे कमिशन हे सगळे त्याच्या वर. आपल्यातल्या कुणी शेळ्या पाळतात, कुणी पापड-शेवया करतात, कुणाचे किराणा दुकान आहे. दर महिन्याला, एकही महिना न चुकता, इतका नफा सुटतो का? मग याला तो कुठून सुटतो?

बहुतेक वेळा तो सुटतच नाही. मागून आलेल्या बाईचे पैसे आधी आलेल्या बाईला व्याज म्हणून दिले जातात. त्यामुळे पहिले सहा महिने पैसे अगदी वेळेवर येतात, आणि ज्यांना आले त्या खरेच सांगतात की आम्हाला मिळाले. त्या खोटे बोलत नसतात. म्हणून "शेजारणीला मिळाले" हा पुरावा धरू नका. नवीन बायका यायच्या थांबल्या की पैसेही थांबतात आणि ऑफिसला कुलूप लागते.

हे काही आजचे नाही. 'पर्ल्स' हे नाव आपल्याकडच्या थोरल्या बायांना आठवत असेल. पीएसीएल नावाची ती कंपनी जमिनीत पैसे गुंतवतो असे सांगून देशभरातून, खेड्यापाड्यांतून पैसे गोळा करत होती. शेअर बाजार आणि अशा योजनांवर लक्ष ठेवणाऱ्या 'सेबी' या सरकारी संस्थेने २०१४ साली तिला लोकांचे सुमारे ४९,१०० कोटी रुपये परत करायला सांगितले. पुढे २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश लोढा यांची समिती नेमली, कंपनीच्या जमिनी विकून पैसे परत करण्यासाठी. परतफेड झाली ती टप्प्याटप्प्याने, लहान रकमांपासून, वर्षानुवर्षे. देशाचे सर्वोच्च न्यायालय पाठीशी असूनही इतकी वाट पाहावी लागली.

तर खरी दामदुप्पट किती वर्षांत होते? त्याचा एक सोपा हिशेब आहे. व्याजावर व्याज चढत असेल तर ७२ या आकड्याला व्याजाच्या वार्षिक दराने भागायचे. येतील तितकी वर्षे. आठ टक्के असेल तर नऊ वर्षे. सहा टक्के असेल तर बारा वर्षे. आता पडताळून पाहा. पोस्टात किसान विकास पत्र मिळते. त्याचा सध्याचा दर साडेसात टक्के. ७२ भागिले साडेसात म्हणजे साधारण ९.६, आणि पोस्टाने ठरवलेली मुदत आहे ११५ महिने, म्हणजे नऊ वर्षे सात महिने. तंतोतंत बसले की नाही? ज्या सरकारकडे सगळ्या देशाचा कर जमा होतो, ते सरकार दुप्पट करायला साडेनऊ वर्षे घेते. बॅगवाल्याला दोन वर्षांत कसे जमते, हे त्याला सगळ्यांसमोर, गटाच्या बैठकीत विचारा. एकटीने उंबऱ्यावर विचारू नका. तिथे त्याचे बोलणे गोड असते.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. बुडाले तर भरून कोण देणार?

पोस्टातल्या ठेवींमागे केंद्र सरकार उभे असते. बँकेतल्या ठेवीला विमा असतो. ४ फेब्रुवारी २०२० पासून तो एका ठेवीदाराला एका बँकेत पाच लाखांपर्यंत आहे, मुद्दल आणि व्याज मिळून. एकाच बँकेच्या तीन शाखांत पैसे ठेवले तरी मर्यादा पाच लाखच. ग्रामीण बँक आणि सहकारी बँक यांनाही हा विमा लागू आहे. पण पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. इथेच आपल्या बायका फसतात, कारण पतसंस्थेतही काउंटर असतो, पासबुक मिळते, पिग्मीवाला रोज दारात येतो, आणि व्याजही बँकेपेक्षा जास्त मिळते. आम्ही असे म्हणत नाही की सगळ्या पतसंस्था वाईट. काही फार नेटाने चालवलेल्या आहेत. पण लेकीच्या लग्नाचे सगळे पैसे एका पतसंस्थेत ठेवणे आम्हाला पटत नाही. आणि पाटीवर 'मल्टिस्टेट' लिहिले म्हणून ती बँक होत नाही. सरळ आत जाऊन विचारा, "इथल्या ठेवीला पाच लाखांचा विमा आहे का?" विमा असलेल्या बँकेला ते सांगायला अडचण नसते.

आता कुठे ठेवायचे ते. त्याआधी एक. कुणी सावकाराचे पाच रुपये शेकड्याने घेतले असतील तर ते वर्षाला साठ टक्के झाले. हातात दहा हजार आले आणि त्यातून ते कर्ज फेडले, तर वर्षाला सहा हजार वाचले. साठ टक्के खात्रीने देणारी ठेव जगात कुठे नाही. म्हणून आधी महागडे कर्ज फेडा, मग ठेवीकडे वळा. आणि दवाखाना, बाळंतपण, बैल आजारी पडणे यासाठी तीन-चार महिन्यांचा खर्च बचत खात्यावर राहू द्या. त्याला कमी व्याज मिळते, मिळू द्या. रात्री अकरा वाजता लागणारा पैसा मुदत ठेवीत अडकवायचा नसतो.

दर महिन्याला थोडे थोडे टाकायचे असेल तर पोस्टाची आवर्ती ठेव, म्हणजे आरडी, नवशिक्या बाईला उत्तम. शंभर रुपयांपासून सुरू होते, पाच वर्षांची असते. महिना पाचशे टाकले तर पाच वर्षांत आपले तीस हजार जातात आणि सध्याच्या ६.७ टक्के दराने पस्तीस हजार सहाशेच्या आसपास मिळतात. डोळे दिपवणारे नाहीत, पण येतात. एजंटताईकडे पैसे देत असाल तर पासबुकावर नोंद झाली का, ते दर महिन्याला पाहा. ओळखीची आहे म्हणून सोडून देऊ नका. नोंद पाहण्यात तिचा अपमान नसतो.

मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी खाते काढा. वर्षाला किमान २५० रुपये, जास्तीत जास्त दीड लाख. पंधरा वर्षे भरायचे, खाते उघडल्यापासून एकवीस वर्षांनी पूर्ण रक्कम. महिना हजार भरले तर आपले एक लाख ऐंशी हजार जातात, आणि ८.२ टक्के हा सध्याचा दर तसाच टिकला तर हाती साधारण साडेपाच लाख येतात. दर सरकार दर तिमाहीला ठरवते, म्हणून हा आकडा अंदाजाचा. मुलगी अठराची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. महिला सन्मान बचतपत्राबद्दल अजून विचारणा होते. त्यात नवीन पैसे घेणे ३१ मार्च २०२५ नंतर बंद झाले.

सोन्याबद्दल थोडक्यात. सोने जरूर घ्या, अंगावर घाला. पण घडणावळ देऊन घेतलेले आणि घट काढून विकलेले सोने ही बचत म्हणून महागात पडते.

म्युच्युअल फंडाची जाहिरात टीव्हीवर दिसते. तो कायदेशीर आहे, त्यावर सेबीचे लक्ष असते. पण त्यात दुप्पट होईलच असे वचन कुणी देऊ शकत नाही. बाजार खाली गेला की पैसे कमी दिसतात, मुद्दलातूनही. आरडीची सवय लागल्यावर, पाच-सात वर्षे हात लावायचा नाही अशा पैशातून, पाचशे रुपयांनी सुरुवात करायला हरकत नाही. मोबाईलवर 'ऑप्शन' खेळणे मात्र वेगळे. तुमचा मुलगा ते करत असेल तर त्याला हे ऐकवा : सेबीने २०२४ साली सांगितले की तीन वर्षांत अशा व्यवहारांत उतरलेल्या दर शंभर लोकांतले त्र्याण्णव तोट्यात गेले. आणि व्हॉट्सॲपवर 'टिप' देणारा गट म्हणजे गावातल्या बॅगवाल्याचा शहरातला भाऊ.

कुणी आधीच पैसे दिले असतील तर लाजेने गप्प बसू नका. पावती, पासबुक, एजंटचे मेसेज, सगळे जपून ठेवा. नवीन हप्ता लगेच थांबवा. मोबाईलवरून पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन लावा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. ऑफिसला कुलूप लागले असेल तर चार-पाच जणी मिळून पोलीस ठाण्यात जा. ठेवीदारांसाठी महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आहे, त्यात कंपनीची मालमत्ता जप्त करता येते. केंद्राचा २०१९ चा कायदाही आहे, परवानगीशिवाय ठेवी गोळा करणाऱ्यांवर. एकटीचा अर्ज मागे पडतो, पाच जणींचा नोंदवून घ्यावा लागतो.

पुढच्या भागात खात्यावर वारसाचे नाव कसे लावायचे ते सांगू. बैठकीला येताना घरातली सगळी पासबुके घेऊन या, सासूबाईंचेही.