काचेच्या काकडीची गोष्ट

या आठवड्यात नाताळच्या गोठ्याकडे, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याकडे, वळायचं ठरलं होतं. वसईच्या आणि गोव्याच्या गोठ्यांची टिपणं काढूनही ठेवली आहेत. पण मध्येच न्यू जर्सीहून एका वाचक बाईंचं पत्र आलं. त्यांचा प्रश्न माझ्या इतक्या जिव्हाळ्याचा आहे की गोठ्याला आणखी आठ दिवस थांबावं लागेल.

बाई मूळच्या नगरच्या. या सदरातला सुरूच्या फांदीवरचा लेख वाचून त्यांना माहेरची कागदी चांदणी आठवली, असं त्या लिहितात. गेल्या वर्षी त्यांच्या अमेरिकन शेजारणीने त्यांना एक हिरवीगार काचेची काकडी भेट दिली. लोणच्याच्या बरणीत असते तशी, बोटभर लांबीची, अंगावर फोड असलेली. झाड सजवून झालं, सगळी मुलं झोपली, की ही काकडी सर्वांत शेवटी फांद्यांच्या आत लपवून टांगायची. नाताळच्या सकाळी जे मूल ती आधी शोधेल, त्याला एक भेटवस्तू जास्त. शेजारणीने वर असंही सांगितलं की ही जर्मनीतली फार जुनी चाल आहे. बाईंचे मुख्य प्रश्न दोन आहेत : हे खरं का? आणि आम्ही ती टांगावी का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं : काचेची काकडी जर्मन आहे, पण ती लपवण्याची चाल जर्मन नाही.

चालीचं आधी पाहू. जर्मनीत जुन्या वळणाच्या घरांत झाड 24 डिसेंबरलाच सजतं. दिवाणखान्याचं दार दिवसभर बंद असतं आणि मुलांना आत डोकवायचीही परवानगी नसते. आत आईवडील झाड उभं करतात, दिवे लावतात, खाली भेटवस्तू मांडतात. संध्याकाळी आतून छोटी घंटा वाजते आणि दार उघडतं. मुलांना उजळलेलं झाड दिसतं ते एकदम, पूर्ण झालेलं. भेटवस्तूही त्याच संध्याकाळी उघडल्या जातात. म्हणजे 25 तारखेची सकाळ उजाडते तेव्हा काकडी शोधून बक्षीस मिळवायला काही उरलेलंच नसतं. सकाळी उठून झाडाखाली धावायचं, हा अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या घरांचा क्रम आहे. गोष्टीतली वेळच जर्मन घरात बसत नाही. 2016 साली यूगव्ह या संस्थेने जर्मनीत पाहणी केली, तेव्हा 91 टक्के लोकांना ही चाल मुळी ठाऊकच नव्हती. आणि हे अशा देशात, जिथे बर्लिनच्या दक्षिणेला श्प्रेवाल्ड नावाचा पाणथळ प्रदेश खारवलेल्या काकड्यांसाठी प्रसिद्ध आहे!

या चालीला पाठबळ म्हणून दोन कथा सांगितल्या जातात. एक अमेरिकेतल्या यादवी युद्धातली. जॉर्जियातल्या अँडरसनव्हिल इथल्या कैद्यांच्या छावणीत एक सैनिक मरणाला टेकला होता. त्याने पहारेकऱ्याकडे एक लोणच्यातली काकडी मागितली, ती खाऊन तो तगला आणि घरी परतल्यावर दर नाताळात झाडावर काकडी लपवू लागला. या कथेचा जर्मनीशी धागा इतकाच की सैनिकाचा जन्म बव्हेरियातला होता. दुसरी कथा संत निकोलसची : दुष्ट खाणावळवाल्याने तीन मुलांना मारून लोणच्याच्या पिंपात भरलं आणि संताने त्यांना जिवंत केलं. ही कथा मात्र खरोखरच मध्ययुगीन आहे. युरोपातल्या कितीतरी चर्चमधल्या चित्रांत निकोलसच्या पायाशी एक पिंप आणि त्यातून उठणारी तीन मुलं दिसतात. पण त्या पिंपात मिठवणी आहे ती मांस खारवायची. काकड्या त्यात नंतरच्या माणसांनी घातल्या. शिवाय जर्मन मुलांकडे निकोलस येतो तो 6 डिसेंबरला, झाड सजण्याच्या कितीतरी आधी.

आता काकडीकडे येतो, कारण माझा जीव खरा तिच्यात आहे.

झाडावर फळ टांगणं ही या सगळ्या सजावटीतली सर्वांत जुनी गोष्ट. 24 डिसेंबर हा जुन्या पंचांगात आदम आणि हव्वेचा दिवस. त्या दिवशी होणाऱ्या नाटकांत स्वर्गातलं झाड म्हणून हिरवं झाड उभं करत आणि त्याला सफरचंदं बांधत. 1605 सालच्या एका प्रवासवर्णनात स्ट्रासबुर्गच्या घरांतली झाडं भेटतात. त्यांवर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदं, पातळ पापड्या, सोनेरी वर्ख आणि मिठाई. सगळं खायचं किंवा कागदी. काचेचा मागमूसही नाही.

काच आली ती थुरिंगियाच्या जंगलातल्या लाउशा गावातून. 1597 साली हान्स ग्राइनर आणि ख्रिस्टोफ म्युलर यांनी तिथे काचेची भट्टी घातली. भट्टीला लागते वाळू, झाडांच्या राखेतला क्षार आणि अखंड जळण. डोंगरउताराच्या त्या दाट जंगलात या तिन्ही गोष्टी हाताशी होत्या. पुढे मोठ्या भट्टीचं काम अपुरं पडू लागलं तसे लोक घरी बसून, दिव्याच्या ज्योतीवर काचेच्या नळ्या तापवून मणी फुंकू लागले. गोट्या केल्या, बाहुल्यांचे डोळे केले, आणि 1835पासून माणसांसाठी काचेचे कृत्रिम डोळेही. त्या गावातल्या माणसांच्या हाताचा अंदाज यावा म्हणून हे सांगतो. ज्याला डोळ्याची बुबुळं काचेत उतरवता येतात, त्याला काकडीवरचे फोड अवघड नाहीत.

गावात सांगतात की एका गरीब कारागिराला झाडासाठी सफरचंदं आणि अक्रोड घेणं परवडेना, तेव्हा त्याने ती काचेचीच फुंकली. ही दंतकथा आहे. पण 1848च्या एका ऑर्डरवहीत नाताळच्या झाडासाठी वेगवेगळ्या आकारांचे सहा डझन गोळे अशी नोंद आहे. दंतकथा मला पटते ती तिच्यातल्या क्रमामुळे : आधी खरं फळ, मग काचेचं फळ, आणि त्यानंतर फळाचा आकार विसरलेला नुसता गोल फुगा. आज आपण दुकानात डझनावारी घेतो तो चकचकीत लाल फुगा मुळात सफरचंद आहे.

1867मध्ये लाउशात गॅसचा कारखाना उभा राहिला आणि कामाचा नूरच पालटला. गॅसची ज्योत तीव्र, स्थिर आणि हवी तशी कमीजास्त करता येणारी. त्यामुळे पातळ आणि मोठे गोळे फुंकता येऊ लागले. याच काळात साच्यांचंही काम बहरलं. तापलेल्या नळीचा लालभडक गोळा दोन पाकळ्यांच्या साच्यात धरायचा, साचा मिटायचा आणि नळीतून एक फुंकर. साच्यात काकडी कोरली असेल तर काकडी, पक्षी कोरला असेल तर पक्षी. द्राक्षांचे घोस, नासपती, गाजरं, देवदाराची बोंडं, मासे, देवदूत, सगळं या एकाच फुंकरीतून निघालं.

आतली चकाकी ही वेगळी कला. सुरुवातीला शिसं किंवा जस्त आत फिरवत. नंतर युस्टुस फॉन लीबिग या रसायनशास्त्रज्ञाची पद्धत आली. सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण आणि साखरेचं द्रावण पोकळ काचेत भरायचं आणि गरम पाण्यात धरून हलवत राहायचं. बघता बघता आतल्या भिंतीवर चांदीचा आरसा चढतो. रसायनशास्त्र शिकलेल्या वाचकांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे परीक्षानळीत केलं असेल. लाउशात ते स्वयंपाकघरात चालायचं, आणि ते बायका करत. नवरा ज्योतीपाशी बसून फुंकणार, बायको चांदी चढवणार, मुलं ते गोळे रंगात बुडवून खिळ्यांच्या फळीवर उलटे टांगून वाळवणार, मग उरलेली नळी कापून वर पत्र्याची टोपी बसवणार. वाळलेला माल करंड्यांत भरून बायकाच पाठीवरून झोनेबर्गच्या व्यापाऱ्यांकडे पोहोचवत, डोंगर उतरून. भाव ठरवणार व्यापारी. दुसऱ्यांच्या घरचा नाताळ उजळणाऱ्या या घरांत रात्रंदिवस राबणं होतं आणि हाती पडणारे पैसे थोडे होते. काचेच्या सजावटीबद्दल लिहिताना मला हे वगळता येत नाही.

अमेरिकेत हा माल कसा पोचला, याची आठवण दुकानदार एफ. डब्ल्यू. वुलवर्थ यांनी स्वतः सांगून ठेवली आहे. 1880 साली एका आयातदाराने त्यांच्यापुढे काचेचे रंगीत गोळे ठेवले. वुलवर्थना ते निरुपयोगी वाटले. निम्मे वाटेतच फुटतील आणि उरलेले घेऊन गिऱ्हाईक काय करणार? शेवटी कसाबसा पंचवीस डॉलरचा माल त्यांनी घेतला आणि पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर गावच्या दुकानात मांडला. दोन दिवसांत सगळा संपला. पुढे ते स्वतः लाउशापर्यंत जाऊन खरेदी करू लागले. फळाभाज्यांचे काचेचे आकार अमेरिकन घरांत शिरले ते या वाटेने. सफरचंद, द्राक्षं कुणीही टांगेल. पण हिरवी काकडी झाडावर का टांगायची, हे गिऱ्हाइकाला सांगावं लागतं. माझा स्वतःचा कयास असा की ‘जर्मनीतली जुनी चाल’ ही गोष्ट दुकानाच्या काउंटरवर जन्मली. माल जर्मन होताच, गोष्टही जर्मन झाली.

त्या काळातली आणखी एक हिरवी काकडी इथे आठवते. 1893च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात एच. जे. हाइन्झ यांनी आपल्या लोणच्यांच्या दालनाकडे लोकांना ओढण्यासाठी काकडीच्या आकाराचं छोटं लटकन फुकट वाटलं. घड्याळाच्या साखळीला अडकवायचं. लोकांची झुंबड उडाली. हाइन्झ यांचे वडीलही जर्मनीतूनच आलेले. आपल्याला 1893चं शिकागो माहीत आहे ते स्वामी विवेकानंदांमुळे. ती सर्वधर्मपरिषद याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. त्या लटकनाचा झाडावरच्या काकडीशी संबंध जोडण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही. पण लोणच्यातली काकडी मिरवण्याजोगी वस्तू आहे, हे त्या पिढीच्या अमेरिकनांना कुणी शिकवावं लागलं नसेल. मिशिगनमधल्या बेरियन स्प्रिंग्ज या गावाने तर पुढे स्वतःला ख्रिसमस-काकडीची जागतिक राजधानी म्हणवून घेतलं आणि डिसेंबरात काकडीची मिरवणूकही काढली.

बाईंनी आपल्या काकडीचं वय कसं ओळखावं, असंही विचारलंय. नक्की सांगणं कठीण. पण ती यंत्रावर झालेली नसणार, एवढं म्हणता येतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन माल बंद झाला, तेव्हा अमेरिकेत कॉर्निंग कंपनीने विजेचे बल्ब फुंकणाऱ्या यंत्रावर नाताळचे गोळे काढायला सुरुवात केली. दिवसाला लाखांच्या घरात. मात्र त्या यंत्रातून साधे आकारच निघत. काकडीला आजही साचा आणि माणसाची फुंकर लागते. अंगठा फिरवून पाहा : दोन पाकळ्या जिथे मिळतात तिथे एक बारीक शीर लागेल. युद्धानंतर लाउशा पूर्व जर्मनीत गेलं आणि तिथले बरेच कारागीर सीमा ओलांडून बव्हेरियातल्या कोबुर्गजवळच्या नॉयश्टाट गावी स्थिरावले. म्हणून टोपीवर ‘पश्चिम जर्मनी’ असा शिक्का असला, तरी हात लाउशाचाच असू शकतो. काकडी जुनी असेल तर तिला पाणी लावू नका. जुने रंग ओल्या फडक्यानेही निघून येतात. कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झटकावी.

आणि दुसरा प्रश्न : टांगावी का? अवश्य टांगा.

माझं कारण असं. झाडावर आपण जे जे लावतो ते समोरून दिसावं म्हणून लावतो. सगळ्यात देखणा फुगा दर्शनी फांदीच्या टोकाला, खरचटलेला भिंतीकडच्या बाजूला. मुलं झाड पाहतात ती क्षणभर, मग त्यांचे डोळे खालच्या खोक्यांकडे जातात. काकडी ही झाडावरची एकमेव वस्तू, जी दिसू नये म्हणून टांगलेली असते. तिला शोधताना मूल एकेक फांदी बाजूला सारतं आणि वाटेत आजीच्या हातचा लोकरीचा तारा, गेल्या वर्षी शाळेत केलेली कागदी साखळी, तडा गेलेला पक्षी, असं सगळं त्याच्या नजरेखालून जातं. मुलांना झाड इतकं बारकाईने बघायला लावणारी दुसरी युक्ती मला माहीत नाही. युक्रेनमधल्या घरांत झाडावर कोळी आणि त्याचं जाळं लावतात. गरीब विधवेच्या झाडावर कोळ्यांनी विणलेली जाळी सकाळच्या उन्हात चांदीची झाली, ही त्यामागची कथा. तिथेही मुलं कोळी कुठे आहे ते आधी पाहत असतील.

लपवण्याबद्दल दोन शब्द. अगदी बुंध्यालगत टांगली तर प्रकाश पोचत नाही आणि हिरव्यात हिरवं मिसळून मोठ्यांनाही सापडत नाही. फांदीच्या निम्म्या लांबीवर, दिव्याच्या माळेपासून वीतभर अंतरावर टांगा. काचेआडची चांदी कुठून तरी एका कोनातून चमकतेच, आणि तेवढी खूण पुरे. तुमच्याकडे फ्रेझर फर असेल तर त्याच्या फांद्या ताठ असतात, आकडा घसरत नाही. प्लास्टिकच्या झाडावर मात्र फांदीचं टोक वर वळवून घ्या. नात चार वर्षांची आहे असं तुम्ही लिहिलंय. काकडी तिच्या डोळ्यांच्या उंचीवर हवी, आणि मोठ्या नातवाला तिथे वाकून शोधू दे. बक्षीस एकट्याला देण्याऐवजी काकडी शोधणाऱ्याने पहिली भेटवस्तू वाटायची, असा नियम मला जास्त आवडतो. अनेक घरांत तसाच आहे.

पुढच्या आठवड्यात गोठा. शेणामातीने सारवलेला, पेंढा घातलेला. ज्यांच्या घरी गोठ्यासाठी धान्य पेरून हिरवे कोंब काढतात, त्यांनी ते कोणत्या दिवशी पेरतात एवढं कळवावं. लेखात ते हवं आहे.