इंजिनाच्या व्हॉल्व्हची स्प्रिंग : तपासावी कशी, बदलावी कशी



मापं आणि कामाचा क्रम रेडिओवर ऐकून ध्यानात राहत नाही, म्हणून हा विषय पत्रिकेत छापून देत आहोत. पत्रिका वाचून झाली की इंजिनाच्या खोलीत खिळ्याला अडकवून ठेवा.

आपल्या जालना जिल्ह्यात आता बहुतेक विहिरींवर विजेच्या मोटारी आहेत, सौरपंपही पुष्कळ आले. तरी जुनं डिझेल इंजिन ज्यानं मोडीत घातलं नाही तो शहाणा म्हणायचा. ट्रान्सफॉर्मर जळाला की नवा बसेपर्यंत पीक काही थांबत नाही. गव्हाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळं फुटतात. तेव्हाचं पाणी चुकलं तर फुटवेच कमी निघतात. अंबड-घनसावंगीकडं मोसंबीचा ताण तोडून फूल लागलं आणि पाण्यात खंड पडला, तर झाडाखाली फुलांचा सडा पडलेला दिसतो. अशा वेळी इंजिनाकडं धाव घ्यावी आणि तेच आजारी निघावं, हे बरं नाही. इंजिनाच्या आजारात व्हॉल्व्हची स्प्रिंग ही अगदी स्वस्तातली वस्तू. पण तिच्याकडं दुर्लक्ष केलं तर सगळ्यात महागात पाडणारीही तीच.

आधी तिचं काम समजून घ्या. हेडमध्ये दोन व्हॉल्व्ह असतात. एक हवा आत घेतो, दुसरा धूर बाहेर सोडतो. रॉकर व्हॉल्व्हला खाली दाबून उघडतो, पण परत वर ओढून बंद करण्याचं काम एकट्या स्प्रिंगचं. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या पाच हॉर्सपॉवरच्या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ७५० वेळा उघडतो. म्हणजे तासाला ४५ हजार वेळा. आठ तास पाणी दिलं तर स्प्रिंग साडेतीन लाखांवर वेळा दबते आणि उसळते. जुन्या ६५० फेऱ्यांच्या संथ इंजिनात हा मार निम्म्याहून कमी, म्हणून त्यांच्या स्प्रिंगा वर्षानुवर्षं चालत आणि लोकांना त्यांची आठवणही होत नसे.

स्प्रिंग थकली की व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही. इंजिन रिकामं नीट चालतं, पण पंपाचं ओझं आलं की दम तोडतं. धूर काळा होतो, हेडवर टकटक वाढते, हँडल मारताना पूर्वीसारखा दाब हाताला लागत नाही. ही लक्षणं नोझल बिघडल्यानं किंवा रिंगा झिजल्यानंही येतात, त्यामुळं लगेच स्प्रिंगवर दोष टाकू नका. हेडवरचं झाकण काढून पाहायला मात्र पाच मिनिटं लागतात. वेटोळ्याला तडा किंवा गंजाचे खड्डे दिसले तर पुढं विचार करायचं कारणच नाही. गंजाच्या बारीक खड्ड्यापासूनच तार तुटायला सुरुवात होते. तुटलेल्या स्प्रिंगवर इंजिन चालवलं तर लॉक निसटून व्हॉल्व्ह आत पडू शकतो. डिझेल इंजिनात पिस्टन वर आला की हेड आणि पिस्टन यांच्यामध्ये अगदी थोडी जागा उरते. पडलेला व्हॉल्व्ह त्यात सापडला की पिस्टन फुटतो, हेड तडकतं, रॉड वाकतो. स्प्रिंगेच्या पैशात जे काम होत होतं त्याला मग अर्ध्या इंजिनाचे पैसे पडतात.

काढलेली स्प्रिंग तपासायला फार हत्यारं लागत नाहीत. त्याच मेकची, त्याच मॉडेलची नवी स्प्रिंग आणा आणि दोन्ही काचेवर किंवा सपाट फरशीवर शेजारी-शेजारी उभ्या करा. जुनी दीड मिलिमीटरनं किंवा त्याहून जास्त बुटकी दिसली तर ती गेली. मग सुताराचा गुण्या लावून स्प्रिंग जागच्या जागी फिरवा. वरच्या टोकाशी गुण्या आणि स्प्रिंग यांच्यात दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फट पडत असेल तर स्प्रिंग कलली आहे. अशी स्प्रिंग व्हॉल्व्हला एका बाजूला रेटते आणि गाईड झिजवते. आपल्या इंजिनाच्या पुस्तकात वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरावा.

उंची बरोबर असूनही स्प्रिंग नरम असू शकते. त्याची परीक्षा फिटरकडच्या व्हाइसवर करावी. जुनी आणि नवी स्प्रिंग टोकाला टोक लावून, मध्ये सपाट वायसर ठेवून, व्हाइसच्या जबड्यात आडव्या धरा आणि हळूहळू आवळा. दोन्ही सारख्या दबल्या तर जुनी अजून कामाची आहे. जुनी आधी दबली आणि नवी ताठ राहिली, तर निवाडा तिथंच झाला. वजनकाट्याविना होणारी ही परीक्षा आहे, आणि ती डोळ्यांदेखत होते, म्हणून आम्हाला ती सगळ्यात पसंत. आवळताना तोंड बाजूला ठेवा, स्प्रिंगा उडतात.

काही मिस्त्री जुनी स्प्रिंग ताणून लांब करून देतात, कुणी भट्टीत तापवतो. ताणलेली स्प्रिंग चार दिवसांत पुन्हा बसते. तापवलेलीचं पाणी उतरतं, ती त्याहून वाईट. दुसऱ्या गाडीची जाड तारेची स्प्रिंग ‘जास्त मजबूत’ म्हणून बसवणं हाही तोटाच. तिच्या जोरानं कॅम आणि टॅपेट खातात, पुशरॉड वाकतो. एक स्प्रिंग गेली तरी दोन्ही बदला, दुसरीनंही तेवढेच तास काढलेले असतात.

आता बसवणं. कार्बन काढायला हेड उतरवलंच असेल तर स्प्रिंगचं काम तेव्हाच उरका. हेड फळीवर ठेवून व्हॉल्व्हखाली लाकडी ठोकळा द्या, म्हणजे व्हॉल्व्ह खाली सरकणार नाही. ऐन हंगामात हेड न उतरवताही काम होतं, पण एक गोष्ट चुकता कामा नये. पिस्टन अगदी वर हवा. इंजिन गार असू द्या, डिझेलचा कॉक बंद करा. फ्लायव्हील हातानं फिरवून वरच्या खुणेवर आणा, दोन्ही रॉकर सैल लागले पाहिजेत. मग चाकाला लाकडाची पाचर लावा. पिस्टन खाली असताना लॉक काढले तर व्हॉल्व्ह आत जातो आणि हेड उतरवल्याशिवाय हाती लागत नाही.

रॉकर काढला की पुशरॉडच्या भोकात स्वच्छ चिंधी कोंबा, कारण लॉक नखाएवढे असतात आणि आत पडले तर खालपर्यंत जातात. स्प्रिंग दाबायच्या हत्यारानं टोपी दाबा. लॉक सुटत नसतील तर टोपीवर पाइपाचा तुकडा ठेवून हलकी टिचकी मारा. लॉक चुंबकानं उचला. डोळ्यांवर मोटारसायकलचा चष्मा असू द्या, पोरांना लांब ठेवा.

व्हॉल्व्हच्या दांडीला तेल लावून नवी स्प्रिंग चढवा. एका टोकाची वेटोळी जवळजवळ असतील तर ते टोक हेडकडं ठेवा. टोपी दाबून धरा, लॉकना ग्रीस लावा म्हणजे ते खाचेत चिकटून राहतात, आणि हत्यार सावकाश सोडा. दोन्ही लॉक एका उंचीवर बसलेत ना, ते उजेडात पाहा. मग बाजूला उभं राहून दांडीच्या डोक्यावर लाकडी हातोडीनं एक-दोन हलक्या टिचक्या मारा. लॉक अर्धवट बसले असतील तर आताच निसटतील, चालत्या इंजिनात नाही.

चिंधी काढा. ही विसरणारे पुष्कळ आहेत. रॉकर बसवून टॅपेटची फट पुस्तकातल्या आकड्याप्रमाणं, गार इंजिनावर, फिलर गेजनं ठेवा. तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते. फट ठेवली नाही तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो. मग पाचर काढून चाक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असताना वेटोळ्यांच्या मध्ये थोडी जागा दिसलीच पाहिजे. वेटोळी एकमेकांना टेकत असतील तर स्प्रिंग चुकीची आणली आहे, इंजिन चालू करू नका. सगळं ठीक असेल तर दहा मिनिटं बिनओझ्याचं चालवा, गार झाल्यावर फट पुन्हा तपासा आणि मग पाणी सोडा.

पावसाळ्यात इंजिन बंद ठेवताना चाक फिरवून दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेल्या जागी थांबवा. एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिला तर त्याची स्प्रिंग चार महिने दबून राहते, शिवाय ओली हवा सिलिंडरात शिरते. त्याचसाठी डिकॉम्प्रेशनची दांडीही सोडलेली असू द्या.