कंपनी बुडाली तर आपला नंबर कितवा?

आम्ही आरे कॉलनीतून बोलतोय. आमच्याकडे अजून म्हशींचे तबेले आहेत, आदिवासी पाडे आहेत, आणि रतीब वहीत मांडून महिनाअखेर पैसे घ्यायची सवयही आहे. समजा, आपल्या गटाने कॅन्टीन चालवणाऱ्या एखाद्या कंपनीला दूध-भाजी पुरवली, दोन लाखांची उधारी चढली आणि कंपनीचं दिवाळं निघालं. ते पैसे मिळतील का?

यासाठी देशात 2016 सालचा नादारी व दिवाळखोरीचा कायदा आहे. कंपनी देणं थकवते तेव्हा घेणेकरी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जातात. अर्ज मान्य झाला की संचालकांच्या हातातला कारभार काढून एका नेमलेल्या माणसाकडे दिला जातो. कर्ज दिलेल्यांची समिती नवा मालक शोधते. 66 टक्के मतं पडली की ठरलं. पण इथे डोकी मोजत नाहीत, रक्कम मोजतात. ज्याचं कर्ज मोठं, त्याचं मत जड. आणि मालाची उधारी असलेल्यांना बहुधा मतच नसतं.

मुंबईच्या डीएचएफएलचं बघा. ही घरकर्ज देणारी कंपनी. हजारो साध्या माणसांनी, कित्येकांनी निवृत्तीचे पैसे, तिच्याकडे मुदत ठेवीत ठेवले होते. डिसेंबर 2019 मध्ये ती या कायद्याखाली आली आणि 2021 मध्ये पिरामलने घेतली. सगळ्यांचं मिळून येणं होतं सुमारे 87 हजार कोटी, हाती आले सुमारे 38 हजार कोटी. दोन लाखांपर्यंतच्या ठेवी पूर्ण मिळाल्या. त्यावरच्या ठेवीदारांना रुपयामागे साधारण 23 पैसे! आयुष्याची पुंजी ठेवणाऱ्याला ही वसुली म्हणायची का, हे तुम्हीच ठरवा.

तरी कायदा कुचकामी आहे असं आम्ही म्हणणार नाही. पूर्वी असे दावे वर्षानुवर्षं कोर्टात पडून राहायचे आणि तोवर कंपनीचं भंगार व्हायचं. आता देशभरात मान्य झालेल्या दाव्यांपैकी साधारण एक तृतीयांश पैसे परत येतात. वेळ मात्र कागदावर 330 दिवस, प्रत्यक्षात बरेचदा त्याहून जास्त. आमच्या शेजारी अंधेरीत कचेरी असलेल्या जेट एअरवेजचं प्रकरण 2019 मध्ये सुरू झालं, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढायला सांगितली. कामगारांचा पगार, पुरवठादारांची बिलं, सगळं तोवर लटकलेलं.

आता आपल्या दोन लाखांचं. मार्च 2020 पासून थकबाकी किमान एक कोटीची असेल तरच अर्ज करता येतो, त्यामुळे आपण एकट्या कंपनीला न्यायाधिकरणात नेऊ शकत नाही. मात्र दुसऱ्या कुणी नेलं, तर वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते. त्यानंतर मुदतीत आपला दावा भरायचा. त्याला फी नाही, वकील लागत नाही. लागतात ती बिलं, माल पोचल्याच्या सह्या आणि बँकेचं पासबुक. कंपनी मोडीत निघाली तर आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारण घेतलेल्या बँका, आणि मालाची उधारी बरीच खाली.

गटाचे पैसे ठेवतानाही फरक लक्षात घ्या. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, कंपनीतल्या ठेवीला नसतो. पतसंस्थेला तो विमाही नाही आणि हा कायदाही लागू नाही.